काच निववितांना

काच वितळविली म्हणजे वस्तु झाली असें नव्हे. तापलेली काच एकदम थंड झाली, तर वरचा थर आधीं आखडतो, आंतला मागून. त्या ओढाताणींत ती तडकते. म्हणून ती भट्टींत सावकाश निवूं द्यावी लागते. हा संयम पुस्तकानें येत नाहीं, जाणत्या कारागिराजवळ राहून येतो. लोकांच्या पैशापैशांतून १९०८ सालीं तळेगांवीं निघालेला पैसा फंड काच कारखाना म्हणूनच शाळाही होता. १९१६ सालीं कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्याच्या प्रभाकर कंदिलानें सातारा-सांगलीकडचीं घरें उजळलीं. ती भट्टी आतां विझली आहे. परंतु आज विजेच्या लहानशा भट्टींत हौसेनें रंगीत काचा सांधूं पाहणाऱ्यालाही पहिला धडा तोच गिरवावा लागतो. शिकविणारा हात मात्र जवळ हवा.