एका शाळेचे फाटक

मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग 1870 च्या मार्च महिन्यात जबलपूर येथे सांधला गेला. अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे 1867 मध्येच तेथे पोहोचली होती. मुंबईहून थळ घाट चढून, देवळाली, नाशिक, भुसावळ, इटारसी असा सुमारे 990 किलोमीटरांचा पल्ला गाठून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे तिला येऊन मिळाली. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो समारंभाला जातीने हजर होते. त्याच 1870 साली जबलपूरला ख्राइस्ट चर्च या नावाची मुलांची शाळा स्थापन झाली. लोहमार्ग आणि शाळा यांचा जन्म एकाच वर्षी व्हावा, यात केवळ योगायोग आहे असे म्हणता येणार नाही.

जबलपूर मराठी माणसाला परके नाही. 1817 च्या अखेरीस इंग्रजांनी ते घेतले, त्यापूर्वी त्यावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती. इंग्रजी अमलात तेथे छावणी पडली आणि कचेऱ्या आल्या. रेल्वेमागोमाग ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर आणि तारमास्तर यांची कुटुंबे आली. त्यांतील पुष्कळ कुटुंबे अँग्लो-इंडियन होती. बापाची बदली कधी आडरानातील एखाद्या जंक्शनावर, तर कधी दुसऱ्याच प्रांतात. घरची भाषा इंग्रजी. डोंगरावरच्या थंड हवेतील शाळा त्यांच्या पगाराच्या आवाक्याबाहेरच्या. अशा मुलांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष केल्यास तो वर्ग राज्याला डोईजड होईल, अशी धोक्याची सूचना लॉर्ड कॅनिंग यांनी 1860 मध्ये दिली होती. कलकत्त्याचे बिशप जॉर्ज कॉटन यांनी याच कामाचा ध्यास घेतला. नागपूरची 1863 सालची बिशप कॉटन शाळा त्यांचेच नाव सांगते. ख्राइस्ट चर्च शाळाही याच लाटेवर उभी राहिली.

अशा शाळांतील सोयींमागे एक निश्चित विचार होता. बदलीवरच्या बापाला वसतिगृह म्हणजे पोराच्या डोक्यावरचे कायमचे छप्पर. प्रार्थनेची घंटा आणि जेवणाची घंटा यांनी आखलेला दिवस हे तेथे नसलेल्या घराचे वळण. क्रीडांगणाला तर वर्गाइतकाच मान. 1928 साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिक सामन्यांत भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळविले. त्या संघात अँग्लो-इंडियन खेळाडूंचा भरणा मोठा होता, तो या क्रीडांगणांच्या पुण्याईनेच होय. मात्र या सर्व सोयींभोवती एक अदृश्य कुंपण होते. शाळा शहरात होती, पण सगळ्या शहराची नव्हती. गोहलपूरसारख्या वस्तीतील मुलाला तिच्या फाटकातून आत जाणे दुरापास्तच होते.

देश स्वतंत्र झाला तेव्हा या कुंपणाचे काय करायचे, हा प्रश्न घटना समितीपुढे आला. जबलपूरला 1908 मध्ये जन्मलेले फ्रँक अँथनी हे त्या समितीत अँग्लो-इंडियन समाजाची बाजू मांडत होते. घटनेच्या 337 व्या कलमाने तोडगा निघाला. या समाजाच्या शाळांचे सरकारी अनुदान पहिली तीन वर्षे पूर्ववत राहावयाचे, पुढे दर तीन वर्षांनी दहा टक्क्यांनी घटावयाचे आणि दहा वर्षांनी संपावयाचे. अट एकच. दरवर्षीच्या प्रवेशांपैकी किमान चाळीस टक्के जागा इतर समाजांच्या मुलांना उपलब्ध असल्या पाहिजेत. ज्याला अनुदान हवे, त्याने फाटक उघडावे, असा त्याचा सरळ अर्थ होता.

या अटीची कसोटी लागली ती जबलपुरास नव्हे, तर त्याच लोहमार्गावरील देवळालीस. तेथील बार्न्स शाळा बॉम्बे एज्युकेशन सोसायटीची. ही संस्था 1815 साली मुंबईत निघाली आणि शाळा 1925 मध्ये देवळालीस आली. डिसेंबर 1953 मध्ये शाळेत 415 विद्यार्थी होते. त्यांपैकी 212 अँग्लो-इंडियन आणि 203 इतर समाजांचे. 6 जानेवारी 1954 रोजी मुंबई सरकारने हुकूम काढला. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांखेरीज कोणालाही प्रवेश देऊ नये, असे त्यात फर्मावले होते. हेतू हिंदीच्या प्रसाराचा होता आणि तो वावगा नव्हता. परिणाम मात्र विलक्षण झाला. जे कुंपण घटनेने काढावयास लावले, तेच सरकारने पुन्हा घातले. शाळेने हुकूम पाळला, तर चाळीस टक्क्यांची अट मोडून अनुदान जाणार. हुकूम मोडला, तर सरकारची अवकृपा होणार.

संस्थेने उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रवेश नाकारलेल्या मुलांचे पालकही वेगळे अर्ज घेऊन उभे राहिले. फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने हुकूम रद्द केला आणि 26 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणास्तव कोणाही नागरिकास प्रवेश नाकारता येत नाही, हे 29 व्या कलमातील तत्त्व त्यामागे होते. हुकुमाचा हेतू चांगला होता एवढ्याने तो टिकत नाही, नागरिकाच्या हक्कावर त्याचा आघात काय होतो ते पाहिले पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अल्पसंख्याकांची शाळा आणि बहुसंख्याकांचे मूल यांचे हित एकाच निकालाने राखले गेले, हे या खटल्याचे आगळेपण होय.

पुढे 1960 मध्ये ते खास अनुदान संपले. अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे परदेशी गेली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, आणि जबलपूरचे ख्राइस्ट चर्चही त्या नव्या कुटुंबात आले. मुलांची ती शाळा बारावीपर्यंत वाढली. ज्यांच्यासाठी अशा शाळा निघाल्या, तो समाज विरळ झाला, तरी शाळा ओस पडल्या नाहीत. शहरातील हिंदू, मुसलमान, जैन, शीख घरांची मुले त्यांच्या बाकांवर बसली.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. अनुदानाविना चालणाऱ्या शाळेला फीवर जगावे लागते आणि फी हेही एक कुंपणच आहे. वंशाचे कुंपण न्यायालयाने हटविले. पैशाचे कुंपण हटविण्याचे काम शाळेच्या चालकांचे, सरकारचे आणि शहरातील सधन नागरिकांचे आहे. 1870 साली बदलीवरच्या गार्डाच्या मुलासाठी ज्या आस्थेने वसतिगृहे उभारली गेली, तीच आस्था गोहलपुरातील मजुराच्या मुलाच्या वाट्याला आली, तर शाळेच्या संस्थापकांचा मूळ हेतू खऱ्या अर्थाने सार्थ होईल.