खाड्याचा हिशेब

(१९८९च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'बँक सोडल्यावर मी काय करते'. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मी मुलुंड-भांडुप भागातल्या एका छोट्या संस्थेचे हिशेब बघते, एवढं तुम्हाला ग्रुपवरून ठाऊक आहे. त्या संस्थेत दर उन्हाळ्यात कॉलेजची मुलं इंटर्नशिपला येतात. आज त्यांच्याविषयी बोलते, आणि माझ्या हातून झालेल्या एका लबाडीविषयीही. बाई पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, तेव्हा कबुली द्यायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

आधी एक जुनी आठवण. आपल्याला नववी-दहावीला समाजसेवा नावाचा विषय होता. त्याला श्रेणी मिळायची आणि त्याची एक वही असायची. एकजण वही लिहायचा आणि बाकीचा वर्ग उतरवून काढायचा. 'आज परिसर स्वच्छ केला. मन प्रसन्न झाले.' बाईंनी एकदा वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटून विचारलं होतं, "चाळीस जणांचं मन एकाच वाक्यात प्रसन्न झालं? परिसर कुठला, तो मला दाखवा." पुढच्या शनिवारी त्यांनी आपल्याला शाळेच्या मागच्या गटारापाशी उभं केलं, तेव्हा परिसर म्हणजे काय ते कळलं. वारा खाडीकडून होता, म्हणून डंपिंगचा वासही येत होता. आपण नाकाला रुमाल लावला आणि बाईंनी तो काढायला लावला.

मुलुंडच्या त्या डंपिंगवर नवा कचरा टाकणं २०१८ साली बंद झालं. आपल्याला बरं वाटलं, वास जाणार म्हणून. तिथे भंगार वेचून पोट भरणाऱ्या बायकांचा मात्र रोज गेला. त्यांतल्या काहीजणी आज आमच्या गटात आहेत. सोसायट्यांमधला कचरा वेगळा करायचा, ओल्याचं खत करायचं, सुका भंगारवाल्याला विकायचा, असं त्यांचं काम. सोसायटी गटाला पैसे देते आणि गट बायकांना महिन्याचा पगार देतो. एक दिवस आलं नाही तर त्या दिवसाचा रोज कापला जातो. हा खाड्याचा नियम बायकांनी स्वतःच बैठकीत केलेला आहे.

मुंबईत या कामाची वाट आमच्या कितीतरी आधी स्त्री मुक्ती संघटनेने घालून दिली. १९७५ साली सुरू झालेल्या या संघटनेने १९९८ मध्ये 'परिसर विकास' हे काम हाती घेतलं. कचरा वेचणाऱ्या बायकांचे बचत गट केले, त्यांना प्रशिक्षण दिलं, खताची आणि बायोगॅसची कामं मिळवून दिली. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'निसर्गऋण' तंत्र कचरा वेचणाऱ्या बायका चालवू लागल्या. आजकाल याला सामाजिक उद्योजकता म्हणतात. शब्द नवा असेल, पण गिरगावातल्या सात बायकांनी १९५९ साली ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं, तेव्हा त्यांनी तेच केलं होतं.

सुट्टीत विद्यार्थ्यांनी अशा कामावर जायचं, हेही नवीन नाही. बाबा आमटेंनी १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. भर मे महिन्यात मुलं तिथे कुदळ-फावडं घेऊन राबायची, आणि हातात प्रमाणपत्र पडावं म्हणून कोणी तिथे जात नव्हतं. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना आली आणि तासांची मोजणी सुरू झाली, वर्षाला १२० तास. २०१८ साली सरकारने उन्हाळी 'स्वच्छ भारत' इंटर्नशिप काढली. खेड्यात १०० तास काम केलं की दोन श्रेयांक मिळू शकत होते. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर तर इंटर्नशिप पदवीच्या अभ्यासक्रमातच आली. हे चांगलंच झालं. पूर्वी ज्याच्या मनात असेल तोच जायचा, आता सगळ्यांना जावं लागतं. फक्त सगळ्यांना जावं लागलं की समाजसेवेची वहीही परत येते.

आमच्याकडे एका मे महिन्यात दोन मुलं आली, एक मुलगी आणि एक मुलगा. दोघांनाही १०० तास करायचे होते.

मुलगी बोरिवलीची, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाची. दादरला गाडी बदलून मुलुंडला यायची. सकाळी सातपासून शिकवण्या घ्यायची, म्हणून आमच्याकडे पोचायला अकरा वाजायचे. पहिला आठवडा तिने नुसता सुका कचरा निवडला. पुठ्ठा वेगळा, बाटल्या वेगळ्या, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. दुसऱ्या आठवड्यात तिने कुठून तरी एक ताणकाटा आणला. भंगारवाल्याचा टेम्पो यायच्या आधी ती प्रत्येक गोणी टांगून वजन लिहून ठेवायची आणि टेम्पोवाल्याचं वजन शेजारी मांडायची. दर गोणीमागे किलो-दीड किलो कमी भरत होतं.

ती तरातरा भंगारवाल्याशी भांडायला निघाली. गटातल्या सगळ्यांत वयस्क मावशींनी तिला हात धरून बसवलं. "पोरी, आम्हाला ठाऊक हाय. पण शाळा उघडायच्या वक्ताला उचल तोच देतो. बँक देते का?" मुलगी गप्प झाली. मग तिने मावशींना विचारून दुसरी वही केली, कोणी किती उचल घेतली आणि कधी फेडली याची. दोन्ही वह्या जुळवल्या तेव्हा कळलं, की मारलेलं वजन हेच त्या उचलीचं व्याज आहे आणि ते कोणत्याही बँकेच्या व्याजाहून कितीतरी जड आहे. मी तीस वर्षं बँकेत कर्ज खात्यावर बसले होते. त्या बायकांचे हिशेबही मीच ठेवत होते. मला ते दिसलं नव्हतं.

आता मुलगा. तो अंधेरीहून यायचा, इंजिनिअरिंगचा, हुशार आणि स्वभावाने गोड. आपल्याच एका वर्गमित्राचा मुलगा. मित्राच्या परवानगीने सांगते आहे. नाव सांगणार नाही, तुम्हीही मागे वळून बघू नका.

त्याने बायकांसाठी मोबाइलवरचं ॲप करायला घेतलं. गोणीचा फोटो काढायचा की जवळपासच्या भंगारवाल्यांचे भाव दिसतील. कल्पना वाईट नव्हती. पण बायका भाव बघून भंगारवाला बदलू शकत नव्हत्या, कारण प्रत्येकीच्या डोक्यावर उचल होती. ॲपमध्ये उचलीला जागा नव्हती, कारण उचल म्हणजे काय ते त्याने कोणाला विचारलंच नव्हतं. नऊ दिवस आला, ३८ तास भरले. मग कॉलेजची कुठलीशी स्पर्धा लागली, त्यात हेच ॲप दाखवलं आणि नंतर आला नाही.

जूनमध्ये मित्राचा फोन आला. "अगं, त्याचं सर्टिफिकेट तेवढं देऊन टाक. १०० तास लिही. सगळेच देतात." मी आढेवेढे घेतले नाहीत. शाळेपासूनचा मित्र, माझ्या वडिलांच्या आजारपणात रात्री-अपरात्री गाडी घेऊन आलेला. लिहिलं १०० तास, शिक्का मारला, सही केली.

ऑफिस म्हणजे आमची एक खोली. मावशी तिथेच हजेरीपटावर सही करायला आल्या होत्या. सही करायला त्या आमच्याच साक्षरता वर्गात शिकल्या आणि तेव्हापासून टेबलावर दिसेल तो कागद वाचून बघतात. आकडे तर त्यांना आधीपासूनच येतात. त्यांनी १०० वाचलं. रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं, "ताई, आमचा खाडा पडला की रोज कापता. या पोराचे खाडे कुठं गेले?"

मी म्हटलं, "मावशी, त्याला पगार कुठे आहे? कागदच आहे नुसता."

त्या म्हणाल्या, "मग कागदाचे कापा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. गेल्याच महिन्यात याच मावशींचे दोन दिवस मी कापले होते, नातवाला ताप होता तेव्हाचे. नियम म्हणजे नियम, असं म्हणून. शिवाय त्या मुलाला दिलेले ६२ तास माझे नव्हतेच. ते बायकांचे होते. उन्हात बसून त्याला कचरा ओळखायला शिकवणार होत्या त्या. न झालेलं काम झालं असं त्यांच्या वतीने मी लिहून दिलं होतं.

सकाळी आधी मित्राला फोन केला आणि मग कॉलेजला दुरुस्तीचं पत्र पाठवलं, प्रत्यक्ष तास ३८. कॉलेजने उरलेले तास पूर्ण करायला सांगितलं. मित्र तीन महिने माझ्याशी बोलला नाही. ग्रुपवर मी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, त्यांनाही उत्तर नाही. हे मला किती लागलं ते इथे सांगत बसत नाही.

पण एका रविवारी मुलगा छत्री घेऊन दारात उभा. पुढचे कितीतरी रविवार तो आला. पावसाळ्यात ओला-सुका सगळा एकच होतो, त्या दिवसांत. ॲपचं नाव त्याने काढलं नाही. मुलीच्या उचलीच्या वहीवरून त्याने मला संगणकावर एक तक्ता करून दिला. तो आजही मी वापरते, आणि त्याच्याच आधाराने गटाने बचतीतून स्वतःची उचल द्यायला सुरुवात केली. रक्कम लहान आहे, सगळ्यांना पुरत नाही. भंगारवाला अजून आहे, पण गोणी टेम्पोत चढायच्या आधी आता आमच्या ताणकाट्यावर टांगली जाते. दिवाळीच्या सुमारास मुलाचे तास पुरे झाले. त्या वहीवर मी सही केली नाही. मावशींनी केली.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. इंटर्नच्या तासांच्या वहीवर आधी गटातल्या बाईची सही, मग माझी. काही कॉलेजांना हे विचित्र वाटतं. मुलांना वाटत नाही.

शेवटी तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. पहिली, माझ्याकडे कोणाच्याही मुलाचं, भाच्याचं, सुनेच्या भावाचं सर्टिफिकेट मागू नका. मुलाला पाठवा. नऊ दिवस आला तर नऊ दिवसांचं लिहून देईन, आणि त्यातही लाज वाटण्यासारखं काही नाही.

दुसरी मागणी त्या बोरिवलीच्या मुलीमुळे सुचली. शेवटच्या दिवशी तिने सहज सांगितलं, की तिच्या वर्गातल्या दोन मैत्रिणींनाही यायचं होतं, पण सुट्टीत दुकानात काम केलं नाही तर पुढची फी भरता येत नाही. फुकट काम करणं ज्यांना परवडतं त्यांनीच सेवा करायची, असं होऊ नये. आपल्या तुकडीने दर मे महिन्यात पाच मुलांचा रेल्वेचा पास, दुपारचं जेवण आणि थोडं मानधन एवढं उचलावं. हिशेब मी ठेवीन, आणि तपासायला मित्राला बसवू. तो तयार आहे, कालच फोनवर बोललो.

बाई, त्या वेळी तुम्ही विचारलं होतंत, परिसर कुठला ते दाखवा. सवड काढून एकदा मुलुंडला या, दाखवते. रुमाल आणू नका.