यंत्राचा दांडा फिरविणारा

७ जुलै १८९६ ही तारीख आपल्याकडे सिनेमाचा इतिहास लिहिणारे सारेच देतात. त्या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लुमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली. बंधूंचे नाव सर्वांना पाठ. यंत्राचा दांडा फिरविणारा मात्र बहुधा ‘कंपनीचा प्रतिनिधी’ एवढ्यावरच संपतो. त्याचे नाव मारियस सेस्तिए. १८६१ साली फ्रान्समधील सोझे गावी जन्मलेला हा गृहस्थ पेशाने औषधविक्रेता होता.

लुमिएरांचे यंत्र चित्रण करी, प्रती काढी आणि पडद्यावर खेळही दाखवी. म्हणजे एक माणूस आणि एक पेटी जहाजावर चढविली की परमुलखात धंदा उभा! फिल्म सतरा मीटरची, खेळ जेमतेम पन्नास सेकंदांचा.

वॉटसनमध्ये तिकीट होते एक रुपया. काही दिवसांतच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तेथे चार आण्यांची जागा निघाली आणि पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली. सिनेमा सामान्य माणसाकडे सरकला तो येथे. गौरव मात्र आजही हॉटेलाचाच होतो.

त्या खेळांत एक होता लुमिएरांच्या लिआँ येथील कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचा. त्यांत स्त्रियाच अधिक. कॅमेरा मालकाचा, फाटकही मालकाचे, आणि कॅमेरा उभा फाटकाबाहेर. आतले श्रम त्याला दिसत नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळून ज्या शहरात अवघी सहा वर्षे झाली होती, तेथे हे दृश्य करमणूक म्हणून आले, हे विसरता येत नाही.

सेस्तिएने मुंबईतही कॅमेरा लावून पाहिला, पण ते चित्रण साधले नाही. सप्टेंबरात तो सिडनीला पोहोचला. तेथे छायाचित्रकार वॉल्टर बार्नेट याच्या साथीने त्याने मॅनली बंदरावर बोटीतून उतरणारे उतारू टिपले, नोव्हेंबरात मेलबर्न कपची घोड्यांची शर्यत टिपली. ऑस्ट्रेलियाच्या चित्रपटाचा आरंभ तेथूनच मोजतात. १८९७ मध्ये तो मायदेशी परतला; १९२८ मध्ये वारला.

मुंबईतील त्या खेळांनी भारावलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी पुढे परदेशातून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. या वेळी दांडा फिरविणारा हात मुंबईकराचा होता.