'सावळा' : एका रंगशब्दाची वाटचाल



मराठीत रंग दाखविणारे शब्द पुष्कळ आहेत. परंतु देव्हाऱ्यात एक अर्थ आणि दिवाणखान्यात दुसरा, असा दुहेरी संसार 'सावळा' या शब्दाइतका क्वचितच दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आला असेल.

शब्दाची व्युत्पत्ती सरळ आहे. संस्कृत 'श्यामल' प्राकृतातून मराठीत उतरताना आरंभीच्या जोडाक्षराचा 'सा' झाला. 'ग्राम'चे 'गांव' आणि 'नाम'चे 'नांव' झाले त्याच न्यायाने 'म'चा 'व' झाला, आणि दोन स्वरांमधल्या 'ल'चा मराठीच्या स्वभावानुसार 'ळ' झाला. जुन्या वाचनालयाच्या कपाटातून १९६२ पूर्वीचे एखादे पुस्तक काढले, तर हा शब्द 'सांवळा' असा सानुस्वार भेटण्याचा संभव अधिक. १९६२च्या लेखननियमांनी डोक्यावरचा तो अनुच्चारित ठिपका गेला. हिंदीने 'साँवला'मधला नाकातला उच्चार जपला, पण 'ळ'कडे ती वळली नाही. माळव्यातल्या मराठी घरांत ही दोन्ही भावंडे एकाच ओसरीवर नांदतात.

मूळ 'श्याम'चा पैस मात्र फार मोठा होता. पावसाळी मेघ श्याम, यमुनेचे पाणी श्याम आणि दूर्वेचे पानही श्याम. श्रीरामाला 'दूर्वादलश्याम' म्हणतात ते याच आधारावर. काळा, निळा आणि हिरवा यांच्या सीमेवरची, आतून पाणी असलेली कांती असा तो अर्थ. मराठीत दूर्वा सावळी राहिली नाही. ढग, सांज आणि माणसाची त्वचा एवढेच 'सावळा'कडे उरले. 'सावळागोंधळ' या शब्दात तर रंगाचा मागमूसही नाही, आणि तरी तो दुसऱ्या कोणत्या रंगाचा असेल असे वाटत नाही!

कालिदासाच्या 'मेघदूता'त यक्ष आपल्या पत्नीचे वर्णन करताना 'श्यामा' हे विशेषण योजतो. टीकाकार मल्लिनाथ तेथे वर्ण न घेता वय घेतो. श्यामा म्हणजे युवती, असे तो सांगतो. कोशाचा आधार त्याच्यापाशी आहे, अर्थ चुकीचा नाही. तरीही मेघाशी चाललेल्या त्या संभाषणात, मेघाच्याच वर्णाचा शब्द कानावर पडल्यावर वाचकाच्या मनात रंग उमटल्याखेरीज राहत नाही.

संतांच्या वाणीत हा शब्द पूर्ण तेजाने प्रकटला. पंढरीची मूर्ती काळ्या पाषाणाची. पण भक्ताला ती 'सावळी' दिसते. 'काळा' हे डोळ्यांनी केलेले वर्णन, तर 'सावळा' हे जिव्हाळ्याने केलेले. अभंगांत विठ्ठलाला 'काळा'ही म्हटले आहे, ते बहुधा लडिवाळ भांडणाच्या सुरात. तुकोबांकडे 'सावळे' आणि 'सुंदर' हे शब्द शेजारी शेजारी बसतात आणि त्यांच्या मध्ये काही नसते. हे 'काही नसणे' नीट ध्यानात घ्यावे.

कारण लग्न जुळविण्याच्या बैठकीत त्याच दोन शब्दांच्या मध्ये एक 'पण' येऊन बसतो. 'मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.' दोन अक्षरांचे हे अव्यय किती मुलींनी पडद्याआडून ऐकले असेल! तेथे वर्णांची उतरंडच मांडलेली असते : गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. 'निमगोरी' हा शब्द आहे, 'निमसावळी' कोणी म्हणत नाही. माप नेहमी गोरेपणाच्याच मापट्याने घेतले जाते. वधूपक्षाला दुखवायचे नसेल तर 'काळी'च्या जागी 'सावळी' म्हणतात, म्हणजे जो शब्द अभंगात गौरव होता तो येथे पांघरूण होतो. आणि आषाढी एकादशीला त्याच घरातून सावळ्या विठोबाचा गजर तितक्याच भावाने उठतो. यात कोणी ढोंगी आहे असे नव्हे. दोन्ही वेळी माणसे मनापासूनच बोलत असतात.

नावांच्या बाबतीतही हेच दिसते. 'सावळाराम' हे नाव मराठी समाजाने मुलांना आनंदाने ठेवले. मुलीसाठी मात्र 'श्यामा', 'श्यामला', 'कृष्णा' अशी संस्कृताच्या आडोशाची नावे शोधली जातात. पाळण्यात 'सावळी' म्हणून हाक मारलेली मुलगी शोधूनही सहसा सापडत नाही.