पाऊल आणि पाते

ज्या शहरात पौषातील कडाक्याच्या पहाटेसही हुसेनसागराच्या पाण्यावर धुक्याखेरीज दुसरे काही साचत नाही, त्या शहरातील रहिवाशांना बर्फावरील हॉकीचे स्केट्स कसे निवडावेत आणि पायास कसे बसवून घ्यावेत याविषयी चार शब्द सांगण्याचे प्रयोजन काय, अशी शंका आपल्यापैकी कोणी उपस्थित केली, तर ती अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु प्रयोजन आहे. चाकांच्या स्केट्सचा नाद हैदराबादला नवा नाही. इंदिरा पार्कच्या रिंकवर संध्याकाळच्या वेळी घिरट्या घालणारी मुले पाहिली नाहीत असा या शहरातला गृहस्थ विरळाच. येथीलच अनुप कुमार यामा याने 2010 साली ग्वांगझू येथील आशियाई क्रीडास्पर्धांत रोलर स्केटिंगमध्ये दोन कांस्यपदके मिळविली आणि पुढे 2015 चा अर्जुन पुरस्कारही त्यास प्राप्त झाला. तेलंगणाच्या नयना श्री तल्लुरी हिने तर 2025 च्या जानेवारीत लेह येथील हिवाळी खेलो इंडिया स्पर्धांत प्रत्यक्ष बर्फावर सुवर्णपदक संपादन केले. तेव्हा चाकांवरून बर्फावर जाणारी वाट या शहरातून निघते, एवढे मान्य करण्यास हरकत नसावी.

या वाटेत एक मौज आहे. चाके एकाच ओळीत बसविलेले जे स्केट्स आज आपल्या मुलांच्या पायांत दिसतात, त्यांचा प्रसार 1980 च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतातून झाला, आणि त्याला कारणीभूत झालेला स्कॉट ओल्सन हा मूळचा बर्फावरील हॉकीचा खेळाडू होता. उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावरही सराव खंडित होऊ नये, ही त्या उपद्व्यापामागील प्रेरणा. म्हणजे तिकडे जे साधन बर्फ नसलेल्या दिवसांची सोय म्हणून प्रचारात आले, तेच इकडे, जेथे बर्फाचे दिवसच नाहीत तेथे, बर्फाकडे नेणारी पहिली पायरी ठरले आहे. ही पायरी ओलांडून डेहराडूनच्या हिमाद्री रिंकवर, सिमल्याच्या 1920 सालापासून चालत आलेल्या नैसर्गिक रिंकवर अथवा लेहच्या गोठलेल्या तळ्यावर जाण्याची वेळ आली, की घरात स्केट्सच्या खरेदीची वाटाघाट सुरू होते. आणि आमचे बहुतेक पालक ज्या ठिकाणी फसतात ते ठिकाण नेमके हेच आहे.

फसण्याची कारणे दोन. पहिले असे की, सुलतान बाजार किंवा आबिड्स येथे पादत्राणांची दुकाने उदंड असली, तरी तेथे बसून बर्फावरील हॉकीचे चार जोड पायात घालून पाहावे आणि पाचवा पसंत करावा, अशी सोय नाही. जोड बाहेरगावाहून मागवावा लागतो, किंवा परदेशस्थ मामा-मावशीच्या सामानातून तो येतो. आणि मागणी नोंदविताना आपण शाळेच्या बुटाचा नंबर बेलाशक लिहून देतो. वास्तविक हॉकीच्या स्केट्सचा नंबर नेहमीच्या बुटापेक्षा साधारणपणे एक ते दीड अंकाने कमी असतो, आणि तो कारखान्यापरत्वे बदलतो. दुसरे कारण याहून जुने व अधिक दृढमूल आहे. मुलांचे कपडे व बूट वाढत्या अंगाचे घ्यावेत, हा आमच्या मध्यमवर्गीय संसाराचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला दस्तुर होय. सदरा गुडघ्यापर्यंत लोंबला तरी पुढल्या दिवाळीस तो अंगाबरोबर येईल, हा हिशेब चुकीचाही नव्हे. परंतु सदऱ्याला लागू पडणारा हिशेब स्केट्सना लावण्यासारखा दुसरा अनर्थ नाही, आणि तो अनर्थ कसा, हे समजण्यासाठी स्केटच्या पात्याकडे किंचित बारकाईने पाहिले पाहिजे.

हॉकीच्या स्केटचे पोलादी पाते अवघे तीन मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. त्याचा तळ सपाट नसून त्यात लांबीच्या दिशेने एक उथळ पन्हळ कोरलेली असते, आणि त्या पन्हळीमुळे पात्यास दोन कडा लाभतात, एक आतली व एक बाहेरली. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याशी साधर्म्य असलेला अतिसूक्ष्म थर असतो, ही कल्पना मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने 1850 साली मांडली; त्या थरामुळे पाते घसरते खरे, परंतु केवळ घसरणे म्हणजे खेळणे नव्हे. वळणे, थबकणे, एकाएकी वेग घेणे, या सर्व क्रिया खेळाडू पाते एका कडेवर कलते करून बर्फात रुतवितो म्हणून साध्य होतात, आणि हा कल घोट्यातून निघून बुटामार्गे पात्यापर्यंत पोहोचतो. बुटात पाऊल सैल असेल, टाच वर उचलली जात असेल, तर घोट्याने दिलेला हुकूम मधल्या पोकळीतच जिरतो. दांडा सैल झालेल्या कुऱ्हाडीने लाकूड फोडू पाहणाऱ्याची जी गत होते, तीच या खेळाडूची. मग मूल अडखळते, त्याचे पाय आतल्या अंगास कलंडतात, आणि भोवतालची शहाणी मंडळी निर्णय देऊन मोकळी होतात की, याचे घोटेच अशक्त आहेत. या निर्णयाने कित्येक मुलांवर अन्याय झाला आहे. कारण दोष पुष्कळदा घोट्याचा नसून, दोन वर्षे पुरावा म्हणून हौसेने घेतलेल्या ऐसपैस बुटाचा असतो.

आता मोजमापाची तजवीज कशी करावी ते पाहू. पावले दिवसभराच्या चालण्याने किंचित फुगतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. भिंतीस टाच टेकवून, अंगाचा भार दोन्ही पायांवर देऊन उभे राहावे, पायाखाली कोरा कागद ठेवावा, पेन्सिल सरळ उभी धरून पावलाची बाह्यरेषा आखावी आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये नमूद करावे. दोन्ही पावलांची मापे घ्यावीत, कारण ती क्वचितच तंतोतंत सारखी असतात, आणि मोठ्या पावलाचे माप प्रमाण मानावे. लांबीइतकेच महत्त्व रुंदीस आहे. ज्यांचे बालपण अनवाणी किंवा चपला घालून गेले त्यांची बोटे मोकळेपणी पसरलेली असतात व चवडा रुंद होतो. हे बूट मात्र मुख्यतः थंड मुलुखातील, लहानपणापासून बुटात कोंडलेल्या पायांच्या घडणीचा विचार करून बनविले जातात. म्हणून कारखानदार जे अरुंद, मध्यम व रुंद असे प्रकार ठेवतात, त्यांतील कोणता आपला, याची खातरजमा लांबीच्या आधी केली तरी चालेल. रुंदी अपुरी पडते म्हणून लांबी वाढवून घेणे, ही तडजोड पायाला लवकरच महाग पडते.

रुंदी आणि लांबी जुळूनही बूट उथळ असू शकतो. त्याची परीक्षा सोपी आहे. नाड्या न आवळता पाऊल आत घालावे, टाच मागे दाबून बसवावी आणि वरून तिसऱ्या छिद्रांच्या जोडीवर एक पेन्सिल आडवी ठेवावी. ती दोन्ही बाजूंच्या कडांवर सरळ टेकली तर बुटाची खोली पुरेशी आहे. मध्येच पावलाच्या उंचवट्यावर अडकून डुगडुगली, तर त्या पायास अधिक खोल बूट हवा. यानंतर नाड्या बांधून उभे राहावे. ताठ उभे असता बोटांची टोके बुटाच्या पुढच्या टोपीस जेमतेम टेकावीत, आणि गुडघे वाकवून खेळाडूच्या पवित्र्यात येताच ती किंचित मागे सरावीत. बोटे मुडपून बसत असतील तर बूट लहान आहे, आणि ताठ उभे असतानाही ती मोकळी वळवळत असतील तर मोठा. वाढत्या वयाच्या मुलास फार तर अर्ध्या नंबराची मुभा द्यावी, त्यापलीकडे नाही. पायमोजा पातळ व एकच असावा. जाड मोज्यांच्या दोन थरांनी पोकळी भरून काढण्याची युक्ती ही व्याधी झाकणारी आहे, बरी करणारी नव्हे.

नवा बूट चावतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु चावण्याचेही प्रकार आहेत. पाऊल चोहोबाजूंनी सारखे आवळल्यासारखे वाटणे हे नव्या स्केटचे स्वाभाविक लक्षण असून ते वापराने निवळते. एकाच बिंदूवर ठणका लागणे, करंगळीचा सांधा दाबला जाणे किंवा बोटांस मुंग्या येऊन ती बधिर होणे, ही मात्र बूट नाकारण्याची सबळ कारणे समजावीत. हल्लीचे पुष्कळ बूट उष्णतेने मऊ होणाऱ्या द्रव्यांचे असतात. जाणकार विक्रेता ते विशेष भट्टीत सुमारे 80 अंश सेल्सिअसपर्यंत काही मिनिटे तापवितो, गिऱ्हाइकाच्या पायात घालतो, आणि ते निवेपर्यंत त्यास दहा-पंधरा मिनिटे निश्चल बसवून ठेवतो. त्या अवधीत बुटाची आतली बाजू पावलाचा आकार धारण करते. हा विधी चालू असता उठून चालू लागणे वर्ज्य होय, आणि घरच्या चुलीवर किंवा भट्टीत हा प्रयोग करून पाहणे तर त्याहून वर्ज्य. नाड्या बांधण्याचेही तारतम्य असते. बोटांपाशी त्या बेताने, पावलाच्या मध्यभागी घट्ट आणि घोट्याच्या वर किंचित सैल बांधाव्यात, म्हणजे टाच जागची हलत नाही आणि गुडघा मात्र पुढे झुकू शकतो.

यापुढची बाब धारेची. नव्या जोडाचे पाते कारखान्यातून निघाले म्हणजे ते खेळण्याजोगे धारदार असतेच असे नाही. पहिली धार बहुधा लावूनच घ्यावी लागते. आता धार म्हटली की सायकलचे चाक फिरवीत गल्लीत येणारा आपला धारवाला डोळ्यांपुढे उभा राहतो. तो सुऱ्या-कात्र्यांचा कसबी खरा, पण त्याच्या हाती स्केट देऊ नये. तो पात्याच्या बाजू घासून त्यास सुरीसारखे करील, आणि ज्या पन्हळीवर सारा कारभार चालतो ती नाहीशी होईल. स्केटचे पाते लांबीच्या दिशेने, ठरावीक वक्रतेच्या सहाणचाकावर घासले जाते; अर्धा इंच त्रिज्येची पन्हळ सर्वसाधारण मानतात. हलक्या अंगाच्या मुलास आणि लडाखसारख्या ठिकाणच्या कठीण बर्फावर काहीशी खोल पन्हळ उपयोगी पडते, तर वजनदार इसमास व मऊ बर्फावर उथळ. खेळ संपल्यावर पाते फडक्याने कोरडे पुसून कापडी पिशवीत ठेवावे. चालताना घालावयाचे प्लॅस्टिकचे म्यान चढवून ते तसेच ठेवून दिल्यास आत ओल कोंडते, आणि आपल्याकडील पावसाळ्याच्या दमट हवेत गंज चढण्यास मग वेळ लागत नाही.

किमतीसंबंधी एकच सूचना करतो. सर्वांत महाग तो सर्वांत उत्तम, हा ग्रह येथे विशेष घातक आहे. किंमत वाढत जाते तसतसा बूट अधिक ताठर होत जातो, कारण तो भारदस्त शरीराच्या, कसलेल्या खेळाडूचे धक्के सोसण्यासाठी घडविलेला असतो. दहा वर्षांच्या मुलास तो वाकविताच येत नाही. आपल्या वजनास व कौशल्यास वाकेल इतपतच ताठर बूट घ्यावा.

यावर कोणी लडाखचा दाखला देईल. तेथे लष्करी बुटांच्या तळाशी लोखंडी पाती ठोकून मुले हॉकी शिकली, एकाचे स्केट्स उतरले की दुसऱ्याने घालायचे अशी पाळी लावून खेळली, आणि ज्यात लडाखी मुलींचाच भरणा आहे त्या भारतीय महिला संघाने 2025 साली अल ऐन येथील आशिया चषकात कांस्यपदक पटकावले. मग ही मोजमापाची चिकित्सा कशाला? श्रोतेहो, ज्यांना निवड करण्याची संधीच नव्हती त्यांच्या तपश्चर्येचा दाखला, ज्यांना ती संधी आहे त्यांनी आपल्या आळसाच्या समर्थनार्थ देऊ नये. तरीही लडाखच्या त्या व्यवहारात आपण घ्यावे असे एक तत्त्व आहे, ते म्हणजे साधन एकाच्या मालकीचे असले तरी अनेकांच्या उपयोगी पडावे.

मुलाचे पाऊल वाढते, बूट वाढत नाही, आणि दर हिवाळ्यास नवा जोड घेणे सर्वांस परवडत नाही. ही अडचण खरी आहे. तिच्यावर तोडगा मोठा बूट घेणे हा नसून, लहान झालेला बूट योग्य पायात पोहोचविणे हा आहे. आपल्या शहरातील स्केटिंगच्या मंडळांनी एक नोंदवही ठेवावी; तीत प्रत्येक मुलाच्या पावलाची लांबी, रुंदी व माप घेतल्याची तारीख दर सहा महिन्यांनी नमूद करावी; वापरून लहान झालेले जोड जमा करून घ्यावेत, घोट्यापाशी मऊ पडलेले व पाते झिजून गेलेले बाद करावेत, आणि उरलेले, शक्य तेथे पुन्हा तापवून, ज्याच्या मापास जुळतील त्यास अल्प मोबदल्यात द्यावेत. या कामास बर्फ लागत नाही, भट्टीखेरीज यंत्र लागत नाही. एक दफ्तर, एक मोजपट्टी आणि ते नियमाने चालविणारा एक चिकाटीचा चिटणीस एवढे पुरे. असा चिटणीस मिळाल्यास पुढल्या हिवाळ्यात उत्तरेकडे निघणारी आपली मुले निदान आपापल्या मापाच्या बुटांत उभी राहतील, आणि ती पडलीच तर निव्वळ खेळताना पडतील.