चपलांपाशी कुणी थांबू नये
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



विहारात वंदनेला बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. आपल्या चाळीतलं एक लेकरू स्वतःला ना बाई मानतं, ना पुरुष. ते आलं तेव्हा आम्हीच विचारलं, "तू कुठं बसणार?" ते चपलांपाशीच थांबलं. दाराबाहेर उभं राहणं काय असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का?

घटनेच्या कलम १४ मध्ये 'व्यक्ती' हा शब्द आहे. त्यात फक्त स्त्री-पुरुष नव्हेत, तृतीयपंथीही येतात, आपली ओळख त्यांनी स्वतः ठरवावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिला.

त्या लेकराची आम्ही माफी मागितली. येत्या पौर्णिमेला सतरंजीवर कुणीही कुठंही बसावं. त्याला आपल्या शेजारी जागा द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!