वेशीवरचा वीरगळ



इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात गावोगावी मध्ययुगीन दगडी क्रॉस उभे आहेत. मधल्या काळात त्यांतल्या काहींचे शेताच्या फाटकाचे खांब झाले होते. पुढे लोकांनी ते ओळखले आणि पुन्हा उभे केले. हे वाचताना मला आपले वीरगळ आठवले.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात देवळाच्या आवारात, वेशीवर वीरगळ आढळतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा पळवून नेलेली गुरे, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे बसलेला वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. हे दोघे आहेत तोवर स्मरण राहो, असा त्याचा अर्थ. एवढे वाचता आले की दगड बोलू लागतो. न आले, तर त्याची धुण्याची शिळा होते, नाहीतर ऑइलपेंट फासला जाऊन कोरीव काम बुजते.

आता थोडे अवघड बोलतो. या भागातले पुष्कळ जुने शिलालेख हळेकन्नडात आहेत. ‘मग ते आपले कसे?’ असे आपल्यातले काही जण विचारतात. बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती पाहा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने इ. स. १२०४ च्या सुमारास ती उभारली. तिच्यासंबंधीचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. दगड सुरक्षित आहेत, पण वास्तू इथे आणि तिची हकिकत सातासमुद्रापार!

उलट, मराठीच्या आद्य शिलालेखांपैकी एक श्रवणबेळगोळला, गोमटेश्वराच्या पायाशी आहे. कन्नड मुलखाने तो शतकानुशतके जपला. मग आपल्या वेशीवरची कन्नड अक्षरे आपण का जपू नयेत? सीमाप्रश्नातली आपली बाजू त्याने तसूभरही उणी होत नाही.

म्हणून एक विनंती. गावी गेल्यावर वीरगळ जागचा हलवू नका. त्यावर रंग, सिमेंट लावू देऊ नका. त्याचे छायाचित्र आणि ठिकाण शाळेच्या वहीत नोंदवा. अक्षरे दिसली तर कन्नड जाणणाऱ्या जाणकाराला सन्मानाने बोलवा. ज्या गावासाठी तो वीर पडला, त्या गावात आज आपण राहतो. एवढे नाते पुरेसे आहे.